रंग नको, पत्रा बघा: जुनी कन्व्हर्टिबल निवडताना

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे", "बघा" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे निघाला. आपला एक श्रोता आहे, मूळचा साताऱ्याचा, चार वर्षांपासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ नोकरीला आहे. त्याला एक जुनी, छत उघडणारी गाडी घ्यायची आहे आणि ती स्वतःच्या हाताने नीट करायची आहे. गाडी ठरली आहे: एमजीबी. पण कुठली एमजीबी, तिथे गाडं अडलंय. त्याने तीन बघून ठेवल्यात आणि विचारतोय, "दादा, यातली कुठली घेऊ?"

आणि यात एक गोष्ट आहे, ती आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. त्याच्या बाबांनी साताऱ्यात तीस वर्षं गॅरेज चालवलं. आता बंद केलं. एप्रिलमध्ये ते पहिल्यांदाच मुलाकडे जाणार आहेत, व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने. ही गाडी त्याला बाबांच्या सोबत करायची आहे. म्हणजे बजेट आहे, जागा आहे, पण वेळ मोजून सहा महिने. आणि बाबांचं वय बघता अशी दुसरी फेरी कधी होईल, हे त्यालाही माहीत नाही.

तर आज आपण त्याच्या तीन गाड्या एकेक करून बघू. तुम्हाला एमजीबी घ्यायची नसली तरी ऐका. जुनी जीप घ्या, फियाट घ्या, बघण्याची पद्धत तीच आहे. शेवटी महाराष्ट्रातल्या गाड्यांवर पण येतो.

आधी एमजीबी म्हणजे काय

एमजी ही जुनी ब्रिटिश कंपनी. आज त्या नावाने इलेक्ट्रिक गाड्या दिसतात, त्या वेगळ्या. एमजीबी ही दोन सीटची उघडी गाडी १९६२ साली आली आणि १९८० पर्यंत इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन इथल्या कारखान्यात बनत राहिली. बंद छताची जीटी धरून एकूण पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, आणि त्यातल्या खूपशा अमेरिकेला गेल्या.

इतक्या बनल्या, याचा फायदा आज होतो. पार्ट मिळतात. ब्रेकच्या नळीपासून डॅशबोर्डच्या बटणापर्यंत जवळपास सगळं नवीन मिळतं, घरपोच. इतकंच काय, ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची संस्था १९८८ पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी, म्हणजे नुसता रिकामा पत्र्याचा सांगाडा, कारखान्याच्या मूळ साच्यांवर बनवून विकते.

इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि त्याच्या घराण्याचं नाव बी-सिरीज. आता इथे साताऱ्याचा संबंध येतो. आपल्या ॲम्बेसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच बी-सिरीजचं. सख्खं भावंडंच म्हणा. ज्या माणसाने निम्मं आयुष्य ॲम्बेसिडरखाली आडवं पडून काढलंय, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर फार काही नवीन दिसणार नाही. पुशरॉड, टॅपेट, डिस्ट्रिब्युटर, सगळं ओळखीचं. त्यामुळे या बापलेकांना इंजिनाची भीती नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे.

तेलाचा डबा आठवा

गोडेतेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा बघितलाय ना? भरलेला नको, रिकामा. बंद असताना तो दोन्ही हातांनी पिळून बघा, हलत नाही. आता त्याचं वरचं झाकण कापून काढा आणि परत पिळा. लगेच वाकतो. पत्रा तोच, जाडी तीच, फक्त झाकण गेलं.

कन्व्हर्टिबलचं तेच आहे. साध्या बंद गाडीत छप्परही बॉडीला ताठ ठेवतं. उघड्या गाडीत ते नसतं, मग सगळा जोर खालच्या पत्र्यावर येतो. एमजीबीला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. आणि त्या बॉडीला पुढून मागे धरून ठेवतं कोण, तर दोन्ही दारांच्या खाली जाणारी पत्र्याची पोकळ नळी. तिला सिल म्हणतात. एमजीबीचा सिल एकाआड एक पत्रे जोडून बनवलेला आहे. बाहेरून दिसतो तो फक्त बाहेरचा पत्रा.

इंग्लंडमध्ये थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ जमू नये म्हणून. पुढच्या चाकाने उडवलेला मिठाचा चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, तिथून सिलमध्ये ओल उतरते. गंज आतून सुरू होतो. बाहेर पहिला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बिस्किटासारखा झालेला असतो.

इंजिन खराब निघालं तर काय होतं? उतरवा, खोला, रिंग-बेअरिंग बदला. त्रास आहे, खर्च आहे, पण शेवट माहीत आहे. सिल गेला असेल तर गोष्ट वेगळी. तो कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करून बॉडी जखडून ठेवावी लागते. ते न करता सिल कापला तर बॉडी मध्यभागी खचते, आणि त्याच अवस्थेत नवा सिल वेल्ड झाला की ती कायमची वाकडी. मग दार कधीच नीट बसत नाही. हे काम घरच्या गॅरेजमध्ये शिकत शिकत करायचं नाही. ज्याला येतं त्याला द्यायचं, आणि तो त्याचे पैसे घेणार.

म्हणून माझा एकच नियम आहे. रिस्टोरेशनसाठी गाडी घेताना पैसे पत्र्याला द्या. जे तुम्हाला स्वतः करता येतं, ते खराब असलेलं चालेल. जे दुसऱ्याकडूनच करून घ्यावं लागेल, ते चांगलं असायला हवं. बहुतेक लोक उलटं करतात. चमकणारा रंग आणि गुळगुळीत चालणारं इंजिन बघून पैसे देतात, आणि सिल फुकटात पदरात पडतो.

गाडी पहिली: लालभडक, ११,५०० पाउंड

१९७२ ची. क्रोमचे बंपर, लाल रंग असा की आरशासारखा. जाहिरातीत लिहिलंय, "पूर्ण रिस्टोर केलेली". आपला गडी अर्थातच हिच्या प्रेमात आहे.

मी त्याला म्हटलं, जायच्या आधी घरबसल्या एक काम कर. तिकडे एमओटी नावाची वार्षिक तपासणी असते, आपल्या फिटनेससारखी. गाडीचा नंबर टाकला की जुने निकाल सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतात, २००५ पासूनचे. त्याने टाकला. शेवटची तपासणी २०१७ ची. निकाल: नापास. कारण: दोन्ही बाजूंच्या सिलला गंज. त्यानंतर एकही तपासणी नाही.

का नाही? कारण मे २०१८ पासून तिकडे नियम बदलला. चाळीस वर्षांहून जुनी गाडी, मुळात फार फेरफार केलेली नसेल, तर तिला एमओटीची सक्ती नाही. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाचीच, पण तपासणारा कोणी नाही. म्हणजे २०१७ ला नापास झालेली गाडी पुन्हा कोणीही अधिकृतपणे बघितलेली नाही, आणि आज ती लालभडक रंगात उभी आहे.

याचा अर्थ काम झालंच नाही असा होत नाही. उत्तम काम झालेलं असू शकतं. मग विचारायचं, "सिल बदलतानाचे फोटो आहेत का?" ज्याने खरंच सिल बदलले, तो फोटो काढतोच. रात्रभर खपून केलेलं काम असतं ते, माणूस दहा जणांना दाखवतो. इथे उत्तर आलं, "फोटो जुन्या फोनमध्ये राहिले." पावती? "ओळखीच्याने केलं."

मग प्रत्यक्ष बघायला गेल्यावर काय करायचं? तीन गोष्टी.

पहिली, फ्रिजला लावतो तसं एक चपटं मॅग्नेट न्या. पातळ फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही. मालकाला विचारून सिलवर, मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यांवर, मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. लोखंडावर ते धरतं. जिथे घसरून पडतं, तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

दुसरी, दाराची फट. दार बंद करून मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा. सारखी हवी. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर बॉडी मध्ये खचली आहे. मग दार उघडून बंद करून बघा. त्यानंतर मालकाच्या परवानगीने गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि पुन्हा तेच दार हळूच उघडून बघा. आधी सहज उघडणारं दार आता अडकलं, तर सांगाड्यात दम नाही. पण जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, ते पुढे सांगतो.

तिसरी, जुन्या गंजलेल्या सिलवर नुसता नवा पत्रा चिकटवलाय का, ते बघा. सिलच्या खालच्या कडेला हात फिरवला की कळतं. कड नको तितकी जाड लागते, किंवा वेल्डिंगच्या जागी नुसता चिकट काळा थर असतो. खाली टॉर्च मारा, कार्पेट उचला. आतून गंज आणि बाहेरून आरसा, असं असेल तर काय समजायचं ते समजा.

आपल्या गड्याने मॅग्नेट फिरवलं. ड्रायव्हरच्या बाजूला दारापासून मागच्या चाकापर्यंत ते तीन ठिकाणी सुटलं. ११,५०० पाउंड देऊन वर सिलचं काम करायचं, आणि ते करायला तो सुंदर लाल रंग कापायचा. नाही जमणार.

गाडी दुसरी: खोक्यांमधली, ३,००० पाउंड

१९६७ ची, तारांच्या स्पोकची चाकं, सगळ्यात देखणी पिढी. मालक म्हणतो, "नव्वद टक्के काम झालंय, फक्त जोडायची आहे." बॉडी राखाडी प्रायमरमध्ये, इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली, बाकी सगळं चौदा खोक्यांमध्ये.

मंडळी, "फक्त जोडायची आहे" हे शब्द ऐकले की पाकीट खिशातच ठेवा. का ते सांगतो.

गाडी स्वतः खोलली असेल तर तुमच्या डोक्यात नकाशा असतो. कुठला बोल्ट कुठून निघाला, कुठल्या वायरचं टोक कुठे होतं. दुसऱ्याने सात वर्षांपूर्वी खोललेली गाडी म्हणजे चित्र नसलेलं जिगसॉ, आणि त्यात तुकडे किती होते हेही सांगणारं कोणी नाही. काय हरवलंय हे तुम्हाला तेव्हाच कळतं, जेव्हा ते लागतं. आणि हरवतं ते नेमकं छोटं आणि महाग काहीतरी. छताची घडीची फ्रेम आहे का? काचेच्या चौकटीचे कंस आहेत का? विचारलं, तर "असेल कुठल्यातरी खोक्यात."

शिवाय प्रायमर. साध्या प्रायमरमधून ओल जाते. अनेक वर्षं नुसत्या प्रायमरमध्ये उभ्या असलेल्या बॉडीला त्याखाली गंज धरू शकतो, आणि वरून ती अगदी नवी दिसते.

अजून एक, जागेचं. उभी गाडी एका गाडीची जागा घेते. खोललेली गाडी दोन-तीन गाड्यांची घेते. आपल्या गड्याने एकच लॉकअप गॅरेज भाड्याने घेतलंय.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ते सहा महिने. बाबा एप्रिलमध्ये येणार, ऑक्टोबरच्या आत परतणार. खोक्यांमधली गाडी सहा महिन्यांत रस्त्यावर येईल, असं कोणताही प्रामाणिक मेकॅनिक म्हणणार नाही. मग काय होईल? बाबा सहा महिने खोकी लावतील, बोल्ट निवडतील, आणि एक दिवसही त्या गाडीत न बसता विमानात बसतील.

पाच वर्षांचा वेळ आहे, वेल्डिंग येतं, जागा आहे, आणि खोलण्या-जोडण्यातच मजा वाटते, अशा माणसासाठी ही गाडी वाईट नाही. प्रश्न गाडीचा नसतो, ती कोणासाठी आहे याचा असतो.

गाडी तिसरी: मोहरीच्या रंगाची, ५,२०० पाउंड

१९७८ ची. हिचे फोटो त्याने शेवटी पाठवले, जरा लाजतच. काळे रबरी बंपर, उन्हाने फिकट झालेला पिवळा रंग, ड्रायव्हरची सीट फाटलेली, हूडची मागची प्लॅस्टिकची काच धुरकट.

या रबरी बंपरवाल्या गाड्यांना शौकीन लोक नाकं मुरडतात. झालं असं की अमेरिकेचे बंपर आणि हेडलाइटच्या उंचीचे नियम बदलले, म्हणून १९७४ च्या शेवटी कंपनीने क्रोम काढून मोठे काळे बंपर लावले आणि गाडी सुमारे दीड इंच उचलली. दिसायला जड झाली, वळणावर जास्त झुकायला लागली. म्हणून आजही ती क्रोमवालीपेक्षा स्वस्त मिळते. पण पत्र्याला बंपर कुठला आहे ते कळत नाही. सिल चांगला तो चांगला.

आता हिच्या चांगल्या गोष्टी ऐका. सक्ती नसतानाही मालकाने दरवर्षी एमओटी करून घेतली आहे. निकालांमध्ये बारीकसारीक तक्रारी आहेत, ब्रेकचा पाइप, एका चाकाचं बेअरिंग, पण गंजाची नाही. एक जाडजूड फाइल आहे. त्यात नव्वदच्या दशकात दोन्ही सिल बदलल्याचे छापील फोटो, आणि आतला पत्रा कापलेला स्पष्ट दिसतो. नंतर आत मेणासारखं गंजरोधक मारल्याच्या पावत्या. मॅग्नेट सगळीकडे धरलं. दाराची फट वरून खाली सारखी. जॅकवर दार अडकलं नाही.

वाईट गोष्टी? इंजिनखाली तेलाचे थेंब. या इंजिनांबद्दल तिकडे विनोद आहे की तेल गळायचं थांबलं तर आधी आत तेल आहे का बघा. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर पन्नासच्या वर आहे, म्हणजे इंजिन ठीक. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. दुसरा गिअर टाकताना करकरतो, म्हणजे कधीतरी गिअरबॉक्स उतरवावा लागेल. टायरचा पट्टा नवा दिसतो, पण बाजूला कोरलेले चार आकडे वाचले तर १२०९, म्हणजे २००९ सालच्या बाराव्या आठवड्यात बनलेले. ते पहिल्या दिवशी बदलायचे. रबर वयानेही मरतं.

आणि हो, पेट्रोल. २०२१ पासून तिकडे साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं आहे. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आग. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालायच्या, आणि पेट्रोल कमी इथेनॉलचं, सुपर म्हणून मिळतं ते भरायचं.

ही यादी बघा. टायर, ब्रेक, नळ्या, गिअरबॉक्स, सीट, हूड. यातलं एकूण एक काम बापलेकांना पाना हातात घेऊन करता येतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, ही गाडी चालते. मे महिन्यात ब्रेक-टायर झाले की शनिवारी काम, रविवारी फेरी. बिघडलं तर पुढच्या शनिवारी काम.

तेव्हा मित्रा, माझं उत्तर: पिवळी घे. मालकाशी थोडी घासाघीस कर, टायर आणि गिअरबॉक्सचं कारण खरं आहे. रंगाचं यंदा नाव काढू नकोस. बाबा परत गेल्यावर थंडीत रंग करत बस, नाहीतर करूच नकोस.

कागद बघून घे. तिकडच्या आरसीवर, म्हणजे व्ही-फाइव्ह-सीवर, गाडी कोणाच्या ताब्यात आहे ते असतं, तो मालकीचा पुरावा नसतो. म्हणून सहीची पावती घे. त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या पट्टीशी जुळवून बघ.

आणि एक सांगतो, तुझ्या बाबांनाही ऐकव, रागावले तरी चालेल. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. पोकळ सिमेंटचा ब्लॉक लावूनही नाही, तो न सांगता फुटतो. विटा तर नाहीच. दोन चांगले ॲक्सल स्टँड घे, सपाट काँक्रीटवर लाव, गाडी हलवून बघ, मग आत जा. तीस वर्षांत काही झालं नाही, हे उत्तर चालणार नाही.

आता आपल्याकडचं

पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात बसून तुम्ही म्हणाल, आम्हाला एमजीबी कुठून मिळणार? बरोबर आहे. महाराष्ट्रात उघडी जुनी गाडी म्हटलं की मुख्यतः जीप. जीपला शिडीसारखी वेगळी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. म्हणजे बॉडीचा पत्रा गंजला तर बदलता येतो, स्वस्तातही होतो. मग इथे "पत्र्याला पैसे द्या" याचा अर्थ काय? चासीला द्या. स्प्रिंग जिथे बसतात त्या कंसांपाशी तडा, वेल्डिंगची ठिगळं, वाकडेपणा, हे बघा. बाहेरची बॉडी नंतर.

पण आपल्याकडे त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कागद. जीपच्या व्यवहारात एका गाडीची आरसी आणि दुसऱ्याच गाडीची चासी, असं होतं. चासीवर ठोकलेला नंबर घासून, टॉर्च मारून स्वतः वाचा. आरसीशी जुळवा. इंजिन नंबर जुळवा. ऑनलाइन नोंद बघा: नोंदणी चालू आहे की रद्द, कर्जाचा बोजा आहे का, दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी आहे का. "कागद होऊन जातील" असं म्हणणाऱ्याला म्हणा, "होऊ द्या, मग पैसे देतो."

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल, मूळ रूपात असेल आणि फार फेरफार झालेले नसतील, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढच्या नोंदणीला ५,०००. पण मग ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, धंद्यालाही लावता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. त्यामुळे रोज चालवायची असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

आणि शेवटचं. रील्सवर एक प्रकार दिसतो: जुनी पद्मिनी घ्यायची, कटरने छप्पर कापायचं आणि "व्हिंटेज कन्व्हर्टिबल" म्हणून मिरवायची. कृपा करून करू नका. पद्मिनीला वेगळी चासी नाही, तिचीही बॉडी हीच चासी. तेलाचा डबा आठवा. कंपनी जेव्हा कन्व्हर्टिबल बनवते तेव्हा छताच्या बदल्यात खालचा सांगाडा मजबूत करते. कटरवाला काही करत नाही. गाडी खड्ड्यात पिळते, दार उघडतं, आणि अपघातात माणूस वाचत नाही. कायद्यानेही, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. आणि कुर्ल्याच्या कारखान्यातल्या या गाड्या २००० च्या सुमारास बंद झाल्या. आता आहेत त्या संपत चालल्यात. चांगली सापडली तर छपरासकट जपा.

तर मंडळी, या रविवारी कोणी गाडी बघायला जाणार असाल तर पिशवीत एवढं टाका: चपटं मॅग्नेट, फडकं, टॉर्च, जमिनीवर आडवं व्हायला जुनी चादर, आणि कागदावर लिहिलेलं तुमचं बजेट. त्या बजेटचे आधीच दोन भाग करा, एक गाडीचा, एक पहिल्या सहा महिन्यांच्या कामाचा. दुसऱ्या भागातले पैसे भर घालून गाडी येत असेल, तर ती गाडी तुमच्या बजेटची नाही. शक्यतो दिवसा जा, पाऊस नसताना जा, कारण ओला रंग सगळं लपवतो. मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, थंड गाडी कशी चालू होते ते बघायचंय. आणि सोबत असा मित्र न्या ज्याला गाड्या आवडत नाहीत.

तुमच्या नजरेत एखादी गाडी असेल तर तिच्या दाराच्या फटीचे आणि सिलचे फोटो काढून व्हॉइस मेसेजसोबत पाठवा. रंगाचे नकोत. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन घेऊ, आणि टायरवरचे आकडे कसे वाचायचे तेही सविस्तर बघू. तोपर्यंत सांभाळून चालवा, हेल्मेट-सीटबेल्ट विसरू नका. भेटू!